मा. जलसंपदा मंत्री साहेब, तुमच्या फॉर्ममध्ये फडाला रकानाच नाही

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी साक्री तालुक्यातला, पांझरेच्या काठचा. शेती थोडी आणि नोकरी जास्त असं चाललंय आमचं, त्यामुळे मी काही मोठा बागायतदार म्हणून लिहीत नाहीये, आधीच सांगतो. मागच्या उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज घेऊन एका ऑफिसात गेलो होतो. तिथल्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला, संस्थेचं नाव, रजिस्टर नंबर, अध्यक्ष, ऑडिट. मी म्हटलं आमचा फड आहे (म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत), पंच आहेत, रजिस्टर नंबर नाही. तो म्हणाला "मग संस्थाच नाही ना तुमची". आता काय बोलणार? धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फडपद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी समजली जाते आणि फॉर्म म्हणतो संस्थाच नाही.

तुमच्या खात्याला फड माहीत असणार, पण फाईलीत तो जसा दिसतो तसा तो नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या आणि खालची जमीन सहसा तीन-चार मोठ्या तुकड्यांत, त्या एकेका तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक, म्हणजे उसाचा फड तर सगळा ऊसच, पुढच्या वर्षी फेरपालट. आणि खरी गंमत इथे आहे की जुन्या मांडणीत प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाऊस कमी झाला, नदीला पाणी कमी, तर पंच एखादा फड त्या साली कोरडा ठेवतात, आणि तो कोरडा राहिला की नुकसान सगळ्यांचंच होतं, पाटलाचंही आणि दोन पांडवाल्याचंही (पांड म्हणजे अगदी छोटा तुकडा). एकटा कुणी मरत नाही म्हणून भांडण कोर्टापर्यंत जात नाही. माझ्या मते ही पद्धत इतकी वर्षं टिकली ती यामुळे, आमच्या लोकांच्या चांगुलपणामुळे नाही. चांगुलपणा आमच्याकडे बेताचाच आहे, भावकीला विचारा.

दुसरं म्हणजे पाटकरी. फडात शेतकरी स्वतः पाणी घेत नाही. पाटकरी फावडं घेऊन एकेका शेताचं दारं मोडतो, वाफा भरला की चिखल ओढून बंद करतो आणि पुढे जातो. रात्रीची पाळी असेल तर बॅटरी काखेत धरून. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, गुरं-चोरांवर लक्ष ठेवायला जागल्या, आणि यांचा मोबदला फडाने द्यायचा, सरकारने नाही. लहानपणी मी एकदा शहाणपणा करून आमच्या वाफ्याचं दारं स्वतःच मोडलं होतं, तर आजोबांनी सगळ्यांसमोर कान पिळला, "पानी आपलं नही, फडनं शे". पाटकरी हसत होता तेव्हा. घरी आल्यावर आजीने गूळ दिला तरी माझा राग गेला नव्हता.

साहेब, इंग्रजांनाही हे कळलं होतं. त्यांच्या 1879 च्या मुंबई इरिगेशन कायद्यात अशा बंधाऱ्यांना सेकंड क्लासची कामं म्हणून जागा मिळाली. क्लास सेकंड दिला, पण जागा दिली. आपल्या 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्था आणल्या, शेतकऱ्यांच्या हाती पाणी द्यायचं हा विचार चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण तिथे निवडणूक आली, निवडणूक म्हटलं की पॅनल आलं, पॅनल म्हटलं की पक्ष आला, आणि पक्षाला उसाचा फड कोणता न् गव्हाचा कोणता हे कुठे माहीत असतं! तिकडे स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शेतकऱ्यांचं पाण्याचं न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी 12 ला चर्चच्या दारात बसतं, सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथे, आणि त्यांच्या सरकारने त्याला कायद्यात मान्यता दिलीये. आमचे पंच पारावर बसतात, एवढाच काय तो फरक.

वर लाटीपाड्याचं धरण झालं, अक्कलपाडा झालं, विहिरी आणि मोटारी वाढल्या, नदीचा बारमाही झरा आटला. धरणं नकोत असं मी म्हणणार नाही, प्यायचं पाणी तिथूनच येतं. पण आवर्तन (धरणातून पाणी सोडायची पाळी) ठरतं तेव्हा कालव्याखालचं क्षेत्र मोजता तसं बंधाऱ्याखालचं फडाचं क्षेत्रही त्या हिशोबात धरा. दुरुस्तीचं इस्टिमेट करणाऱ्या इंजिनियरला आधी पाटकऱ्याबरोबर एक दिवस पाटाच्या कडेने चालायला लावा, कारण कॉंक्रीट ओतून झाल्यावर समजतं की जुन्या सांडव्यातून जादा पाणी परत नदीत जायचं, आणि आता ते पहिल्याच शेतात घुसतं.

आणि तो फॉर्म. त्यात "पारंपरिक फड" असा एक रकाना टाका, पंचांच्या सह्या चालतील असं लिहा. आमच्याकडे सध्या एकच पाटकरी उरलाय, साठीच्या पुढचा, त्याचा मुलगा सुरतेला कामाला आहे. अर्जावर त्याचा अंगठा घेऊन ठेवलाय मी, फॉर्म बदलला की लगेच आणून देतो.

आपला,
पांझरा काठचा एक फडकरी