बाबांच्या प्रश्नाचे उत्तर, थोडे सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरी न स्वीकारता आणखी काही वर्षे प्रयोगशाळेतच राहायचे, हे मी ठरवून मग तुम्हाला कळवले, याचे तुम्हाला वाईट वाटले असणार. बाबांनी मात्र फोनवर एवढेच विचारले, की पेशीतला निरोप मायटोकॉन्ड्रियापर्यंत कसा पोहोचतो हे कळून कोणाचे काय भले होणार. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांकडे स्वतःचा डीएनए असतो, पण माणसात तो अवघ्या १६,५६९ अक्षर-जोड्यांचा आहे आणि त्यात फक्त १३ प्रथिनांची माहिती आहे. त्यांना लागणारी उरलेली हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून घडतात. जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए (हाच तो निरोप), केंद्रकाबाहेर येतो आणि रायबोसोम तो वाचून प्रथिन बनवतात. प्रथिन पेशीद्रवात पूर्ण होते आणि मग मायटोकॉन्ड्रियात शिरते, असा साधारण समज होता, आणि पुष्कळ प्रथिनांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु १९७० च्या दशकातच यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियांच्या बाहेरच्या पटलाला चिकटलेले रायबोसोम दिसले होते. डबा भरून पाठवण्याऐवजी कृतीचा कागदच जेवणाऱ्याच्या दारी न्यावा आणि तिथेच रांधावे, तसे हे आहे.

हा कागद दारापर्यंत नेतो कोण, हाच माझा विषय. यीस्टमध्ये पफ-३ नावाचे प्रथिन निरोपाच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाला धरते आणि असे अनेक निरोप मायटोकॉन्ड्रियांजवळ ठेवण्यास मदत करते. दुसरी रीत मला अधिक सुंदर वाटते: प्रथिन अर्धवट असतानाच त्याचा सुरुवातीचा तुकडा रायबोसोममधून बाहेर डोकावतो, पटलावरचे टॉम-२० नावाचे प्रथिन तो ओळखते, आणि रायबोसोमसकट सगळा निरोप तिथेच धरून ठेवला जातो.

बाबा, आता तुमच्या जवळची गोष्ट. काही चेतापेशींचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो आणि त्याच्या टोकालाही मायटोकॉन्ड्रिया लागतात. त्यांतला एखादा बिघडला, तर त्याच्यावर पिंक-१ हे प्रथिन साचते आणि तो मोडीत काढण्याची खूण करते. निरोगी मायटोकॉन्ड्रियावर मात्र तेच प्रथिन लगेच नष्ट केले जाते. इतके अल्पायुषी प्रथिन पेशीच्या मुख्य भागात बनवून एवढ्या लांब पाठवता येणार नाही. २०२२ मध्ये असे दाखवले गेले, की चेतापेशीत पिंक-१ चा निरोप प्रवास करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियालाच चिकटून जातो आणि सिनॅप्टोजॅनिन-२ हे प्रथिन त्याला तिथे धरून ठेवण्यास मदत करते. ज्याला मोडीत काढण्याची वेळ येऊ शकते, तोच त्या खुणेची कृती सोबत घेऊन निघतो, हे वाचले तेव्हापासून दुसऱ्या विषयात माझे मन रमलेले नाही.

पिंक-१ च्या जनुकातील दोषांमुळे तरुण वयात पार्किन्सन होऊ शकतो, हे २००४ मध्ये कळले. तुमचा आजार त्या दुर्मीळ प्रकारचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेच आहे, आणि माझ्या कामातून तुमच्यासाठी औषध निघेल, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तरीही तुमच्या हाताला कंप सुटला, त्या आधीपासून मी या प्रश्नावर काम करत होते, आणि आता तो सोडून देणे मला जमण्यासारखे नाही. पैशांची चिंता करू नका. शिष्यवृत्तीत माझे नीट भागते. खोली उबदार आहे, झोप पुरेशी होते आणि जेवण मी चुकवत नाही. आजीच्या वेळी जे झाले तसे या वेळी होणार नाही. तुम्ही बोलावाल तेव्हा मी येईन, हे मी इथे आधीच सांगून ठेवले आहे.

लहानपणी ताप आला की बाबा रात्रभर माझा हात हातात धरून बसत. तोच हात आता थरथरतो म्हणून तुम्ही तो माझ्यासमोर खिशात लपवता, ते कृपा करून थांबवा. मला तो तसाच हवा आहे.

आई, गोळ्या घड्याळ लावून त्याच वेळी द्यायच्या, अंदाजाने नाही. प्रथिनयुक्त जेवण आणि लेव्होडोपाची गोळी एकत्र आल्यास गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा दोन्हींत किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेव. बरे वाटले म्हणून बाबांना गोळी परस्पर बंद करू देऊ नकोस. रोजचे चालणे चुकता कामा नये, आणि तुझा गुडघा दुखत असेल तर तू त्यांच्यासोबत जायचे नाहीस, दादाला पाठवायचेस. पुढच्या तपासणीच्या वेळी मला फोनवर घ्या. माझे प्रश्न तयार आहेत.

तुमची लाडकी,
छकुली