वेबचे घर भिंतीच्या कागदाआड झाकू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधील आर्ट्स अँड क्राफ्ट्स या, हातकारागिरीला मान देणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील चळवळीतल्या घरांवरचा लेख वाचून आनंद झाला. मराठीत या विषयावर फार कमी लिहिले जाते. मात्र लेख आणि छायाचित्रे या चळवळीचा अग्रणी नक्षीकार विल्यम मॉरिस याच्या भिंतीच्या कागदांपाशी आणि पडद्यांपाशीच थांबली. ससेक्समधील स्टँडन या घराची ओळख तर ‘मॉरिसच्या नक्षीने सजलेले घर’ एवढ्या एका ओळीत उरकली. ते घर फिलिप वेब या वास्तुरचनाकाराचे आहे. त्याचे नावही लेखात नसावे, याचे वाईट वाटले, म्हणून हे पत्र. माझी नोकरी घरांचे नकाशे काढण्यात गेली आणि लेकीकडे लंडनला असताना स्टँडन मी मनसोक्त पाहिले आहे.

स्टँडनचे मालक जेम्स बील हे लंडनमधले बडे सॉलिसिटर. पत्नी मार्गारेट आणि सात मुले, असा भरला संसार. सुट्ट्यांसाठी त्यांना गावाकडे घर हवे होते. ईस्ट ग्रिनस्टेडजवळ टेकडीच्या उतारावर त्यांनी जमीन घेतली, वेबने 1891 मध्ये काम हाती घेतले आणि 1894 मध्ये घर उभे राहिले. त्या जमिनीवर आधीपासून एक जुने शेतघर होते, काही शतकांपूर्वीचे. पैसा हाताशी असलेल्या मालकासाठी ते पाडून टाकणे सहज शक्य होते. वेबने ते ठेवले. एवढेच करून तो थांबला नाही, तर नव्या घराची सगळी मांडणी त्या शेतघराला धरून केली. आजही आत जाताना आधी जुने घर आणि त्याच्यापुढचे हिरवळीचे अंगण लागते, मग बीलांचा दरवाजा. जुन्या घराकडे येणारी नव्या घराची बाजू वेबने मुद्दाम बुटकी ठेवली. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या त्या बाजूला. त्यामुळे मोठे घर जुन्या घराच्या अंगावर आल्यासारखे वाटत नाही. जुन्या इमारतींना खोटा साज चढवण्याऐवजी त्यांची डागडुजी करून त्या टिकवाव्यात, यासाठी 1877 मध्ये मॉरिस आणि वेब यांनी मिळून संस्था काढली होती. स्टँडनमध्ये वेबने तोच विचार विटा-दगडांत उतरवला.

बाहेरच्या भिंती पाहाव्यात. त्याच जमिनीतून काढलेला वालुकाश्म, आसपासच्या भट्ट्यांच्या विटा, वरच्या मजल्यांवर भिंतीला टांगलेली तांबडी कौले, कुठे खरबरीत गिलावा, आणि बागेकडच्या बाजूला फळ्या मारलेल्या पाच त्रिकोणी शिखरांची रांग. ससेक्स-केंटकडचे गवंडी आणि सुतार पिढ्यानपिढ्या असेच काम करत आले होते. वेबने त्यांच्याच पद्धती घेतल्या आणि इतक्या काळजीने जुळवल्या की घर एकदम बांधले की हळूहळू वाढत गेले, ते सांगता येऊ नये. इतक्या प्रकारांची सरमिसळ दुसऱ्या कोणाच्या हातून झाली असती तर गोधडी झाली असती.

आतली रचना सरळ आहे. बैठकीची खोली, जेवणाची खोली अशा मुख्य खोल्या दक्षिणेकडे, ऊन आणि दरीचा देखावा घेणाऱ्या. वेब जुन्या पद्धतींचा चाहता असला तरी नव्याला नाके मुरडणारा नव्हता. स्टँडनमध्ये पहिल्यापासून विजेचे दिवे होते. बैठकीच्या खोलीत भिंतीवर तांब्याचे पत्रे आहेत, त्यांवर सूर्यफुले ठोकून उठवलेली आणि त्यांच्यापुढे दिवे. नक्षी वेबची, ठोककाम जॉन पिअर्सन या कारागिराचे. विजेच्या दिव्याला कसे रूप द्यावे याचा रिवाज अजून पडायचा होता, त्या काळातले हे काम आहे!

मॉरिसचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. 1859 साली वेबने त्याच्यासाठीच रेड हाऊस हे घर बांधायला घेतले आणि तेथून ही वाट सुरू झाली. पण मॉरिस तेथे पाचच वर्षे राहिला. स्टँडनमध्ये मात्र एकच कुटुंब राहिले. धाकटी मुलगी हेलन हिने 1972 मध्ये मृत्युपत्राने ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले, तोवर घर बीलांचेच होते. म्हणून आजही ते नांदते घर वाटते.

लेखाखाली ‘क्रमशः’ आहे. पुढच्या भागात स्टँडनचा तळमजल्याचा नकाशा आणि जुन्या शेतघरासह बाहेरून घेतलेले एक मोठे छायाचित्र छापावे, ही विनंती. पडद्यांची छायाचित्रे एका आड एक कमी केली तरी जागा निघेल.

आपला,
एक निवृत्त वास्तुरचनाकार, सांगली