‘मत्तय अठरा’ची पहिली पायरी

महोदय,

चर्चच्या मंडळीत कुणाचे काही चुकले की ‘मत्तय अठरा लावा’, म्हणजे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली तीन पायऱ्यांची रीत लावा, असे हमखास म्हटले जाते. लावली जाते ती मात्र बहुधा शेवटची पायरी: भर उपासनेत नाव घ्यायचे, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) बंद करायचे. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा होऊन गेलेली असतेच.

त्या अध्यायातले पंधरावे वचन सांगते की आधी त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना अपराध दाखव. हेतूही तिथेच दिला आहे: त्याने ऐकले तर भाऊ मिळवलास. दोघेच म्हणजे दोघेच; ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणत चार घरी सांगून झाल्यावर नव्हे. चर्चच्या पायरीवर उभ्याउभ्या बोलू नये, मेसेज तर नकोच. घरात मुले असतील तर बाहेर बसावे. एक घटना, तिची तारीख आणि पैशांचा मामला असेल तर नेमका आकडा, एवढेच पुढे ठेवावे. ‘तुमचे नेहमीचेच आहे’ हे शब्द तोंडून गेले की समोरचा बचावाला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. मग विचारावे आणि गप्प राहून ऐकावे. अर्पणाच्या हिशेबातली तूट कधीकधी नोंदवायच्या राहिलेल्या पावतीत सापडते.

दुसऱ्या पायरीवर एकदोघांना न्यायचे. हा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (१९:१५). एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी ठरवू नये म्हणून केलेला. तेव्हा हे साक्षीदार तक्रारदाराचे बळ वाढवायला नसतात. त्याचेच चुकत असेल तर तेही त्यांनी सांगायचे असते. त्यांतला एक तरी, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या विश्वासातला हवा.

आणि तिसरी? मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परराष्ट्रीय (यहुदी नसलेला) किंवा जकातदार समजा, असे वचन आहे; त्या काळी हे दोघेही समाजाबाहेरचे मानले जात. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत असे आणि मत्तय स्वतःच जकातनाक्यावरून उठून आलेला. प्रभुभोजन थांबवणे हा मंडळीचा अधिकार झाला. त्या घराशी बोलू नका, त्यांच्या लग्नाला जाऊ नका, असे फर्मान काढणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

खरी गफलत होते ती परतीच्या वाटेवर. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (२:६-८) प्रेषित पौल शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपल्याकडच्या ठरावांत ‘पुढील निर्णयापर्यंत’ असे लिहितात आणि तो निर्णय कुणी घेतच नाही. त्यापेक्षा मुदत लिहावी: पैशांचा मामला असेल तर रक्कम किती, किती हप्त्यांत फेडायची, किती महिन्यांनी फेरविचार, आणि तोवर दर महिन्याला त्याच्या घरी मंडळीच्या वडिलांपैकी (ज्येष्ठ पुढाऱ्यांपैकी) कोण जाणार. गलतीकरांस पत्रात (६:१) चुकलेल्याला ‘ताळ्यावर आणा’ म्हटले आहे. तिथले ग्रीक क्रियापद आणि मार्क १:१९ मध्ये कोळी जाळी नीट करतात तिथले क्रियापद एकच. ते काम बसून, गाठ-गाठ बघत करायचे असते.

क्षमा केली म्हणून खजिन्याची किल्ली परत द्यायची का? नाही. प्रभुभोजनाला तो सन्मानाने यावा, हिशेब दुसऱ्याने ठेवावा आणि बँकेत दोन सह्या असाव्यात. त्याला पुन्हा मोहात ढकलणे हे प्रेम नव्हे.

एका ठिकाणी मात्र ही पायऱ्यांची रीत लावूच नये. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, किंवा घरात मारहाण होत असेल, तर पीडिताला ‘आधी एकट्याने जाऊन बोल’ असे सांगणे हा वचनाचा गैरवापर आहे. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना सांगणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकावरही (चर्चच्या धर्मगुरूवरही). न सांगणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे आधी पोलीस ठाणे गाठावे. अपराध्याला भेटणे, त्याच्याबरोबर प्रार्थना करणे हे त्यानंतर, आणि तेही त्या मुलाच्या आसपास नव्हे.

– एक मंडळीसेवक, अहिल्यानगर