दांडिया बाजारातल्या काकांना, एका पितळी टोपीबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे उघड पत्र. चार लोकांनी वाचलेलं तुम्हाला चहावर नेता येणार नाही.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या छोट्या रेल्वेच्या इंजिनाची प्रतिकृती मी घरी करतो आहे. डभोई ते मियागाम हा तिचा पहिला मार्ग, १८६२ सालचा. सुरुवातीला त्यावरून डबे बैल ओढत असत, वाफेची इंजिनं नंतर आली. दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मी १:२४ प्रमाण धरलं, त्यामुळे माझे रूळ ३२ मिलिमीटरच्या जवळ बसतात. केबिन, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या ही सगळी सरळ दुमडायची कामं, ती होतात. अवघड होती ती बॉयलरवर असतो त्या वाफेच्या घुमटावरची टोपी. २० मिलिमीटर व्यास, १० मिलिमीटर उंची, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, आणि सांधा कुठेही नको.

टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला हे काम किती वेळाचं! मी तशी विनंतीही केली होती. तुम्ही हातोडी हातात घेतली नाहीत, शेवटपर्यंत नाही. ओटीवर पाट टाकून बसलात, कागद मागितलात आणि विचारलंत, "चकती केवढी कापणार?"

मग तो हिशेब झाला. पत्रा वळतो, पण त्याचं क्षेत्रफळ कुठे जात नाही. तळाचं वर्तुळ आणि भोवतालची भिंत मिळून जेवढं होतं तेवढीच चकती लागते. व्यासाचा वर्ग ४००, त्यात चार गुणिले व्यास गुणिले उंची म्हणजे ८००, बेरीज १२००, वर्गमूळ ३४.६. "पस्तीसची काप. कड नंतर छाटायचीच आहे." शाळेत क्षेत्रफळाची सूत्रं पाठ केली होती. ती पितळाच्या तुकड्याला लागू होताना पाहिली ती तुमच्या ओटीवर.

ज्यावर पत्रा ठोकून वळवायचा, त्या ठोकळ्याचंही तेच. टोपी बाहेरून २० हवी, पत्रा दोन्ही बाजूंना अर्धा, म्हणून ठोकळा १९ चा. वरची कड ३ मिलिमीटर त्रिज्येने गोल, नाहीतर पत्रा त्या धारेवर ताणून चिरतो. लाकडाचा चालेल का असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एक करायची तर चालेल. पण तुला दुसरीही तशीच लागणार." हा शब्द खरा ठरला. इंजिन एक असलं तरी तशाच टोप्या अजून लागणारच आहेत.

पत्रा कुठला घ्यावा हेही तुम्हीच सांगितलंत. ओढायला, वळवायला ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ. लेथवर कापायच्या कांबीचं पितळ वेगळं, ते थंड असताना असं वळत नाही.

आता ज्या संध्याकाळसाठी हे पत्र लिहितो आहे तिच्याविषयी. चकती ठोकळ्यावर दाबून धरलेली, मी मोगरीने कड हळूहळू खाली आणत होतो, आणि तुम्ही माझ्या हाताकडे पाहतच नव्हता. डोळे मिटून ऐकत होता. नरम पितळावर ठोका बद्द पडतो. ठोकत गेलं की पत्रा कडक होतो आणि आवाज चढतो. "आता थांब," तुम्ही म्हणालात, "टणक बोलायला लागलं. अजून मारलंस तर कडेला तडकेल." कडेवर बारीक चुण्या उठल्या होत्या. त्या दुमडून एकमेकींवर बसण्याआधीच बुडापासून चेपत आणायच्या, हेही त्याच वेळी.

मग खिडकी लावून घ्यायला सांगितलीत. पितळ तापवताना खोली अंधारी हवी, तरच तो मंद लाल रंग दिसतो. उजेडात तो दिसेपर्यंत फार पुढे गेलेलं असतं. जस्त पांढरा धूर होऊन निघतं, कण मोठे होतात आणि पुढे ताणल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. लाली दिसली की ज्योत बाजूला आणि तुकडा पाण्यात. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, पितळ नरमच राहतं. नंतर लिंबाच्या फुलाच्या, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या, पाण्यात काळपटपणा काढायचा, पण त्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही. घातला की पितळावर तांब्याची गुलाबी झाक चढते.

काडतुसांची गोष्टही मी विसरणार नाही. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात पागांमध्ये ठेवलेली असत आणि त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात साठलेला ताण, दोन्ही मिळून हे करतात, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. म्हणून तयार भागही एकदा मंद शेकून ताण काढून ठेवायचा, लाल न करता. माझी टोपी तशी शेकून, मठारून, आता घुमटावर बसली आहे.

सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, हातातली विद्या शाळेत यावी म्हणून. त्या विद्येतला माझा वाटा मला तुमच्याकडून मिळाला, तोही फी न देता. तुम्ही ती टोपी करून दिली असती तर माझ्याकडे एक टोपी असती. आज मला चकतीचा हिशेब येतो आणि ठोक्याचा आवाज कळतो. त्याबद्दल मनापासून आभार, काका. काकूंचेही, कारण त्या ठोकाठोकीत त्यांची दुपारची झोप गेली, तरी त्या रागावल्या नाहीत.

पुढचं काम धुराड्याच्या वरच्या रुंद कडेचं. तिथे पत्रा आक्रसायचा नाही, बाहेर ताणायचा आहे, म्हणजे चिरण्याची भीती जास्त. मापं कागदावर काढली आहेत. रविवारी सकाळी आणतो, ठोकळा कापायच्या आधी एकदा नजर घाला.

आपला,
मागच्या गल्लीतला शेजारी