आबा, आमच्या गावचा हाफ वेंब्लीवर जिंकला

लूटन, इंग्लंड
रविवार, २८ मे २०२३

ती. आबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायला तुम्ही काही तयार होत नाही, म्हणून हे लिहिते आहे. दादाच्या मोबाइलवर पाठवते, यश मोठ्यानं वाचून दाखवील. यश, सावकाश वाच. मधला एकही शब्द गाळू नकोस, तुझ्याबद्दलचा आला तरी.

आबा, काल आमचं लूटन जिंकलं. पुढच्या हंगामात लूटन टाउन प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, खेळणार. मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल असे सगळे आमच्या गल्लीत येणार. गल्लीत म्हणजे खरोखर गल्लीत, ते पुढे सांगते. सकाळपासून रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू आहेत. उद्या सोमवारची सुट्टी आहे आणि गावातून उघड्या बसमधून संघाची मिरवणूक निघणार आहे. हलगी नसेल, एवढाच फरक.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते एका हाफबद्दल. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळणारा तो हाफ, इथं त्याला मिडफिल्डर म्हणतात. तुम्ही आयुष्यभर हाफला खेळलात, त्यामुळे तुम्हालाच ते कळेल. त्याचं नाव पेली रडॉक म्पांझू. सगळं गाव त्याला नुसतं पेली म्हणतं. धिप्पाड गडी आहे, लंडनमध्ये हेंडनला जन्मलेला, आता २९ वर्षांचा. गोल त्याच्या नावावर मोजकेच. पण बॉल कुठंही सुटा पडला की हा तिथं असतो. खांद्यानं माणूस बाजूला सारतो, बॉल घेतो आणि तीस-चाळीस पावलं स्वतः घेऊन पुढं जातो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा खात बसले की तुम्ही मला सांगायचा, "बॉलकडं बघू नकोस, हाफकडं बघ, बॉल तिथंच येतोय." ते मी इथं अजून करते.

आधी इथली उतरंड सांगते. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. खाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन, त्याखाली लीग टू, प्रत्येकी २४. हे झाले ९२ संघ. त्याच्याही खाली पाचवी पायरी, तिला तेव्हा कॉन्फरन्स म्हणायचे. आपल्याकडं ए डिव्हिजन, बी डिव्हिजन असतं तसंच, फक्त इथं तळाशी गेलेल्या संघाचं गावच्या गाव खचतं.

लूटन तसंच खचलं होतं. १९९२ मध्ये हा क्लब वरच्या डिव्हिजनमधून खाली आला आणि लगेच पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीग सुरू झाली. पुढं पैशाचे घोळ झाले, क्लब दिवाळखोरीत गेला, २००७, २००८ आणि २००९ अशी लागोपाठ तीन वर्षं संघ खाली घसरला. शेवटच्या वर्षी तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच ३० गुण कापले. दहा जुन्या मालकांच्या काळातल्या एजंटांच्या व्यवहारांबद्दल आणि वीस दिवाळखोरीतून बाहेर येतानाचे नियम पाळले गेले नाहीत म्हणून. आबा, शून्य नव्हे, उणे तीसवरून सुरुवात! माझ्या इथल्या शेजारचे आजोबा वॉक्सहॉलच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, त्यांना ती गोष्ट सांगताना अजून भरून येतं. चुका केल्या कुणी आणि शिक्षा भोगली पोरांनी नि प्रेक्षकांनी, असं ते म्हणतात. मलाही ते पटतं. त्या वर्षी संघ पाचव्या पायरीवर गेला आणि पाच हंगाम तिथंच अडकला. २०११ मध्ये वर यायची संधी होती, ती पेनल्टींवर गेली. २०१२ मध्येही फायनलला हरले.

आणि मग नोव्हेंबर २०१३ मध्ये पेली आला.

तेव्हा तो होता वेस्ट हॅमचा. वेस्ट हॅम म्हणजे प्रीमियर लीग, अगदी वरची पायरी. पोरगं १९ वर्षांचं. तिथल्या पहिल्या संघात शिरायला वाव दिसत नव्हता, म्हणून लूटनला उसनं दिलं. इथं तसे खेळाडू उसने देतात, त्याला लोन म्हणतात. एकदम चार पायऱ्या खाली. तिथं कुठं उतारावरची मैदानं, कुठं शे-पाचशे माणसं बघायला. दोन महिने खेळून परत जाईल असंच सगळ्यांना वाटलं असेल. पण जानेवारी २०१४ मध्ये त्यानं लूटनशी कायमचा करार केला. तो हंगाम लूटननं १०१ गुण मिळवून जिंकला आणि संघ लीग टूमध्ये आला.

यश, आता तुझा श्वास थांबला असेल, पण वाच.

वहिनीनं मला सगळं सांगितलंय. यंदा तालमीच्या फुटबॉलच्या पहिल्या संघात तुला घेतलं नाही, बी डिव्हिजनचा एक संघ बोलावतोय, आणि तू बूट माळ्यावर टाकलेस. तुला वाईट वाटलं यात काहीच चूक नाही. मला इथं बसून रडू आलं, कारण पहाटे साडेपाचला मैदानावर जाणारं तुझं सायकलवरचं पाठमोरं रूप मी पाहिलंय. पण पेली तेव्हा तुझ्याच वयाचा होता रे. वरच्या क्लबचा राखीव म्हणून बसून राहण्यापेक्षा त्यानं पाचव्या पायरीवर दर शनिवारी खेळणं निवडलं. हाफ हा खेळूनच तयार होतो. कोण कधी पळतो, बॉल कुठं पडतो, हे बाकावरून दिसत नाही. आबांना विचार.

मी नोव्हेंबर २०१६ मध्ये इथं आले तेव्हा संघ लीग टूमध्ये होता. पहिली थंडी, रात्रपाळ्या, वॉर्डात बोलणं समजायला वेळ लागायचा. एका शनिवारी दुपारी बरी पार्कला भेंडी आणायला गेले. बरी पार्क म्हणजे आपली कपिलतीर्थ मंडईच समजा, पण पाकिस्तानी नि बांगलादेशी दुकानांची. आंब्याच्या पेट्या, कोथिंबिरीच्या जुड्या, कापडाचे तागे. आणि एकदम घराघरांतून नारिंगी टोप्या घातलेले लोक एका दिशेनं चालायला लागले. मी पिशवी घेऊन मागोमाग गेले. ओक रोड नावाच्या गल्लीत चिकटून बांधलेली दुमजली घरं आहेत, आणि त्या रांगेतच, दोन घरांच्या मध्ये, स्टेडियमचं दार! वर कुणाची तरी झोपायची खोली, खाली लोक आत शिरताहेत. आत गेलं की लोखंडी जिना, आणि त्या जिन्यावरून खाली लोकांची परसं दिसतात. दोरीवर वाळत घातलेली चादर, पोराची तीनचाकी सायकल, कुंड्या. मग चार पावलं पुढं गेलं की एकदम हिरवंगार मैदान. केनिलवर्थ रोड म्हणतात त्याला, १९०५ पासून संघ तिथंच खेळतो. दहा हजारांवर काही माणसं मावतात, बास. मला त्या क्षणी शाहू स्टेडियमच आठवलं, पेठेच्या पोटात असलेलं. भेंडीची पिशवी मांडीवर घेऊन मी पूर्ण मॅच बघितली. परक्या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मी पेलीच्या, त्या १७ नंबरच्या, मागं आहे. २०१८ मध्ये संघ लीग वनमध्ये गेला. २०१९ मध्ये लीग वन जिंकून चॅम्पियनशिपमध्ये. मॅनेजर बदलले, गोलकीपर बदलले, पुढचे तर दर वर्षी बदलतात, कारण गोल करणाऱ्याला मोठे क्लब लगेच उचलतात. हा मात्र जागेवर. इथल्या खालच्या लीगमधल्या हाफचं आयुष्य म्हणजे भाड्याचं घर, आबा. वर्षा-दोन वर्षांचा करार, गुडघा गेला की संपलं, संघ वर चढला की नवा मॅनेजर म्हणतो, आता याच्यापेक्षा चांगला आणू. प्रत्येक पायरीला याला तसं म्हणता आलं असतं. प्रत्येक वेळी हा त्या पायरीच्या लायकीचा होऊन दाखवत गेला. तीनशेहून जास्त सामने झाले त्याचे या एका क्लबकडून. माझ्या मते गोलांच्या आकड्यापेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि कुणी काहीही म्हणो, मी यावर भांडायला तयार आहे.

आता कालचं. यंदा लूटन चॅम्पियनशिपमध्ये तिसरं आलं. पहिले दोन सरळ वर जातात, तिसऱ्या ते सहाव्यापर्यंतचे चार आपसांत खेळतात नि त्यातला एकच जातो. (दादाला सांगा, आपल्या पुण्याच्या व्यंकीज कंपनीवाल्यांचा ब्लॅकबर्न क्लब सातवा आला, सहाव्याइतकेच गुण असून गोलफरकानं हुकला. आपला फुटबॉलपटू अनिकेत जाधव तिथं सरावाला गेला होता ना, म्हणून मी त्यांचाही निकाल बघत असते.) फायनल लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर, कोव्हेंट्रीच्या संघाशी. या एका सामन्याची किंमत इथले पेपर १७ कोटी पौंड सांगतात.

रात्रपाळी करून आले होते, दुपारी उठून शेजारच्या आजोबांकडं गेले. पेली पहिल्या अकरात होता. पहिल्या दहा-बारा मिनिटांतच आमचा कप्तान टॉम लॉकियर खाली कोसळला. जवळपास कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही, नुसते पाय गेले. आबा, मी रोज असे पेशंट बघते, पण पडद्यावर बघताना हात-पाय गार पडले. तसं पडणं म्हणजे पहिल्यांदा हृदयच डोक्यात येतं. आजोबांनी माझा हात धरला आणि विचारलं, तू नर्स आहेस, सांग. मी काय सांगणार? स्ट्रेचरवरून नेलं, दवाखान्यात हलवलं. नंतर तो शुद्धीवर आहे, बोलतोय असं कळलं तेव्हा कुठं मला खेळ दिसायला लागला.

तेविसाव्या मिनिटाला जॉर्डन क्लार्कनं गोल केला. मध्यंतरानंतर त्यांच्या हामरनं फेडला. जादा वेळेत आमच्या टेलरनं बॉल जाळ्यात घातला, आम्ही दोघं नाचलो, आणि हाताला लागला म्हणून तो गोल रद्द झाला. शेवटी पेनल्टी. २०११ ची आठवण सगळ्यांच्या डोक्यात. आजोबा स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, मी इथून एकेक ओरडून सांगत होते. पाच त्यांचे पाच आमचे, एकही चुकला नाही. सहावा आमचा डॅन पॉट्सनं मारला. पॉट्सही मूळचा वेस्ट हॅमचाच, लीग टूच्या दिवसांपासून आमच्याकडं. मग त्यांच्या दाबोचा बॉल बारवरून गेला. सहा-पाच. मी ओरडलेच नाही, मला आवाजच फुटला नाही. आजोबा आतून विचारत राहिले, काय झालं, काय झालं. त्या दाबोसाठीही माझा जीव तुटला. त्यालाही आई असेल घरी टीव्हीसमोर बसलेली.

ऑगस्टमध्ये पेली प्रीमियर लीगच्या मैदानात पाऊल ठेवेल तेव्हा पाचव्या पायरीपासून पहिल्यापर्यंत एकाच क्लबकडून खेळलेला तो पहिला खेळाडू ठरणार आहे. इथल्या सगळ्या पेपरांत तेच आहे. साडेनऊ वर्षांपूर्वी ज्या लीगमधून चार पायऱ्या खाली आला होता त्याच लीगमध्ये, पण या वेळी अख्खा गाव बरोबर घेऊन.

आबा, तुम्ही उद्यमनगरातल्या कारखान्यातून तीन वाजता सुटून, कापडी पिशवीत बूट घालून सायकल मारत मैदानावर जायचा. हाताला लेथचं तेल असायचं. सामना जिंकला की खांद्यावर घेऊन नाचवायचे ते गोल मारणाऱ्याला, आणि तुम्ही पंपावर पाय धूत असायचा. मला तेव्हा राग यायचा. लहान होते. काल टीव्हीवर सगळे करंडकाकडं पळत होते तेव्हा मला तुमचे ते धुतलेले पाय दिसत होते.

यश, वाचून झालं की माळ्यावरून बूट काढ. चामड्याला तेल लाव, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येईल. त्या बी डिव्हिजनवाल्यांना जाऊन भेट आणि आत्याला कळव.

उद्या मिरवणूक बघून थेट कामावर जाणार आहे. क्लबच्या दुकानात दोन नारिंगी जर्सी घ्यायच्या ठरवल्यात. यशसाठी पेलीचा १७ नंबर. दुसरी तुमच्यासाठी. आई तुमच्या जर्सीवर कापडाचा नंबर शिवायची ते मला आठवतं, पण सहा होता की आठ, हे काही केल्या आठवत नाही. आईला विचारून लवकर कळवा. आणि छातीचं मापही.

तुमची,
ताई