गाळ उचला, पण कुठला ते पाहून

उन्हाळा आला की तलावातला गाळ शेतात नेण्याची लगबग सुरू होते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ पासूनची योजना चांगलीच आहे. पण सगळा गाळ सारखाच समजून ट्रॅक्टर भरले जातात, हे पाहून जीव तुटतो. नाला तलावात शिरतो तिथे पाण्याचा वेग मंदावतो आणि वाळू आधी खाली बसते. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असे चिकणमातीचे कण मात्र गढूळ पाण्यासोबत पार तलावाच्या भिंतीपर्यंत जातात. ओल आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतात ते हेच कण. काळ्या मातीतले हे कण भिजले की फुगतात, वाळले की रानाला भेगा पडतात. म्हणून भिंतीजवळचा गाळ मुरमाड, हलक्या रानाला सोनं. आधीच भारी असलेल्या रानात टाकला, तर पाण्याचा निचरा होत नाही आणि जमीन चिबडते. नाल्याच्या तोंडाजवळचा गाळ नेणं म्हणजे बहुतेक वेळा डिझेल जाळून वाळू वाहणं. ओला गाळ बोटांत चोळला तरी खरखर लगेच कळते. पोकलेन उतरवण्याआधी तलावातल्या दोन-तीन जागांचे नमुने तपासून निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, ही कृषी विभागाला कळकळीची विनंती.

– एक शेतकरी वाचक, बीड