इंजिन बांधायचं की बदलायचं?

कोल्हापूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा इकडे होनिंगचं मशीन (सिलिंडर आतून घासून शेवटच्या मापावर आणणारं) चालू होतं आणि तिकडे तू तापलेला होतास, म्हणून मी नुसता ‘हं, हं’ करत राहिलो. तुला वाटलं असेल, हा फिटरच्या बाजूने झाला. तसं काही नाही. आज रविवार, शॉप बंद, चहाचा दुसरा कप समोर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. शिवाय कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

मला कळलं ते असं. १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, धूर मारते, ऑइल खाते, चढाला दम टाकते. तुझा नेहमीचा फिटर म्हणतो, इंजिन बांधण्यात, म्हणजे उघडून नवे भाग घालण्यात, अर्थ नाही, जुन्या बाजारातलं रनिंग इंजिन, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेलं चालू इंजिन, पंधरा हजारांत आणतो, दोन दिवसांत गाडी दारात. दुसरा म्हणतो, नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकू, आठ हजारांत भागवतो. आणि तुझा मेहुणा म्हणतो, भंगारात घाल. तिघेही ठाम आहेत आणि तिघांपैकी एकानेही काही मोजलेलं नाही! लेका, उद्यमनगरात सव्वीस वर्षं मी सिलिंडर बोअर करतोय, म्हणजे झिजलेलं भोक कातून पुन्हा गोल करतोय. माझ्या टेबलावर ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) येतो तो निर्णय होऊन गेल्यावर. त्यातले किती निर्णय आधी मोजलं असतं तर वेगळे झाले असते, ते ब्लॉकच सांगतो, पण तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तेव्हा आधी धुराकडे बघ. तू ‘धूर मारते’ एवढंच सांगितलंस. कधी मारते ते सांगितलं नाहीस. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका आला आणि मग बंद झाला, तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल गळून खाली बसलंय. ते काम हेडचं, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचं, स्वस्तातलं. घाट उतरताना पाय काढलेला असतो, खाली आल्यावर पुन्हा पाय दिला की मागे निळा ढग उठतो, तेही बहुतेक सील नाहीतर व्हॉल्व्ह गाइड. पण चढाला, लोडवर, सतत निळा येत असेल तर रिंगा आणि बोअर. पांढरा असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग बघायचं. काळा असेल तर इंजिनाला शिव्या देऊ नकोस, कार्ब्युरेटर साफ कर.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तुमच्या देवरुखात कुणाकडे तरी गेज असेलच. इंजिन गरम असू दे, बॅटरी चांगली चार्ज केलेली असू दे, तिन्ही प्लग काढ, चोक पूर्ण उघडा ठेव आणि वहिनींना ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबून सेल्फ मारायला सांग. पाय न दाबता घेतलेलं रीडिंग खोटं असतं. हवाच आत जात नाही, तर दाबणार काय? तिन्ही आकडे कागदावर लिही. ते कमी-जास्त किती आहेत यापेक्षा एकमेकांशी किती जुळतात ते महत्त्वाचं. एकात दुसऱ्यापेक्षा एका किलोहून (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल तर तिथे काहीतरी आहे. जो सिलिंडर मागे पडलाय त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि पुन्हा माप. आकडा चढला तर रिंगा-बोअर गेलेत, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. एवढ्या अर्ध्या तासाच्या कामावर पंधरा हजारांचा प्रश्न अर्धा सुटतो, आणि तेच कुणी करत नाही.

आता ‘रनिंग इंजिन’. यावर मला बोलायचा हक्क आहे, कारण मी स्वतः त्यात हात भाजून घेतलाय. लेथवाला असून! सांगायला लाज वाटते, म्हणून तुला आजवर सांगितलं नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर आठवतो ना? महामार्ग शिरोलीजवळ बंद, शहरात गाड्या टपापर्यंत पाण्यात. त्यानंतर वर्षभर जुन्या मालाच्या बाजारात इंजिनांचा सुकाळ होता. माझ्या ओम्नीचं इंजिन तेव्हा तेल प्यायला लागलेलं, शॉपवर कामाची रांग लागलेली, स्वतःची गाडी उघडायला वेळ कुठला? मग एकाकडून तयार इंजिन उचललं. त्याने दुकानात जमिनीवर ठेवून, बॅटरी लावून चालू करून दाखवलं. काय सुरेख आयडलिंग! धूर नाही, खडखड नाही. चौदा हजार दिले, दुसऱ्या दिवशी बसवलं, आणि तीन महिन्यांत मधल्या सिलिंडरचा प्लग ऑइलने ओला. उघडलं तर मधल्या बोअरमध्ये, पिस्टन जिथे थांबलेला होता तिथे, गंजाची गोल रेघ. पुरात उभं राहिलेलं इंजिन. पाणी काढलं, जाड ऑइल ओतलं, दहा मिनिटं सुरेख चाललं, विकलं. जाड ऑइल म्हणजे म्हाताऱ्याने फोटोपुरतं पोट आत घ्यावं, तसं असतं. शेवटी तेच इंजिन माझ्याच मशीनवर बोअर करून बांधलं. म्हणजे चौदा हजार वर. २०२१ ला तर आमच्याबरोबर तुमचं चिपळूणही बुडालं, तेव्हा आपल्या भागातल्या इंजिनांबद्दल मला शंका येते ती उगाच नव्हे.

आणि तुझा फिटर ‘ओम्नीचंही बसतं’ म्हणाला, ते अर्धंच खरं. जात एकच, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. म्हणून पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळायला अजून त्रास नाही. ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली तरी ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. पण ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ८०० मध्ये ते आडवं बसून पुढची फिरवतं. बाहेरचं बरंच सामान तुझ्या इंजिनावरून काढून त्यावर चढवावं लागणार. दोन दिवसांचे पाच होतात ते इथे. आणि २००० च्या आसपासच्या इंजेक्शनवाल्या ८०० चं इंजिन गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हण. वायरिंगपासून सगळं वेगळं.

शिवाय इंजिन बदललं की आरसी बुकावरचा इंजिन नंबर चुकीचा झाला. बिल, ते इंजिन ज्या गाडीचं तिची कागदपत्रं, आरटीओत अर्ज, तपासणी, मग विम्यात नोंद. फिटर म्हणेल ‘कोण बघतंय’. रोज कोण बघत नाही हे खरं, पण २०२८ ला तुझी पुनर्नोंदणी आहे, तेव्हा तपासणारा बॉनेट उघडणारच. वीस वर्षांवरच्या चारचाकीची ती फी गेल्या ऑगस्टपासून दहा हजार झालीये, हेही हिशेबात धर. वर पर्यावरण कर वेगळा. स्वतःचाच ब्लॉक बांधलास तर नंबरचा प्रश्नच येत नाही.

रिंगावाल्याचं ऐकू नकोस असं मी म्हणतोय तर कारणही सांगतो. बोअर झिजतो तो सगळीकडे सारखा झिजत नाही. वर, जिथे पहिली रिंग येऊन फिरते, तिथे जळतं पेट्रोल, दाब जास्त, तेल कमी. तिथे सगळ्यात जास्त. आणि पिस्टन एका बाजूला रेटतो म्हणून त्या बाजूला आणखी. म्हणजे बोअर वर रुंद, खाली अरुंद, आणि वरून बघितला तर गोल नाही, अंडाकृती. त्यात नवी गोल रिंग घातली तर ती कुठे टेकणार? दुसरं म्हणजे अगदी वरच्या टोकाला, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे न झिजलेली कड उरते. नखाने खरवडलं तर लागते. जुन्या रिंगेची धार त्या कडेबरोबर झिजून गोलसर झालेली असते. नवीचा कोपरा ताजा असतो, तो कडेवर आपटतो आणि रिंग तरी तुटते, नाहीतर पिस्टनचं खोबण तरी. माझ्याकडे असे पिस्टन डब्यात ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला. आलास की दाखवतो.

म्हणून माझं सांगणं: कॉम्प्रेशनमध्ये रिंगा-बोअर निघाले तर इंजिन उतरव, उघड, आणि ब्लॉक आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) माझ्याकडे आण. मोकळा ब्लॉक दोघांना सहज उचलवतो, टेम्पोत टाकलास की साखरपा, आंबा घाट, आणि दुपारच्या जेवणाला इथे. मी बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली, दोन दिशांनी मापणार. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. उतार किंवा अंडाकृतीपणा एक दशांश मिलिमीटरच्या वर गेला तर बोअर करायचा, पाव मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टनसाठी. तेवढ्याने साफ होत नसेल तर अर्धा. गाडी आजवर एकदाही उघडली नाही असं तू म्हणतोस, तेव्हा पावात भागेल असा माझा अंदाज, पण अंदाजावर मी बोअर करत नाही. समजा अर्ध्यानेही साफ झाला नाही, तरी ब्लॉक बिडाचा आहे, स्लीव्ह (आत नवी नळी) घालून पुन्हा मूळ मापावर आणता येतो. फक्त एका गोष्टीत मी हात वर करीन: ब्लॉकला तडा असेल तर. तेव्हा जुन्या बाजारात जायचं, पण इंजिन आणायला नाही, नुसता ब्लॉक आणायला, तोही मोजून. न उघडता बसवलेल्या इंजिनाचा स्वस्तपणा पहिल्या घाटापर्यंतच टिकतो.

पिस्टन आधी घे, बोअर नंतर. हे उलट करणारे शॉप आहेत. पिस्टन हातात घेऊन, मापून, तीन-चार शतांश मिलिमीटरची फट ठेवून बोअर फिरवायचा असतो, शेवटचं माप होनिंगने. होनिंगच्या आडव्या-तिडव्या रेघा बोअरवर दिसल्या पाहिजेत. त्यांत ऑइल धरून राहतं. आरशासारखा चकचकीत बोअर करून दिला म्हणून खूश होणारे फिटर मी पाहिलेत.

क्रँकचं तूच मला सांगायचंस. गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो का? खालून ठकठक येते का? येत असेल तर क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंग घालू, ऑइल पंपही बघू. आणि खरं सांग, टेंपरेचरचा काटा कधी लालवर गेला होता का? हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. फेसिंग (घासून सपाट) न करता बसवलं तर नवं हेड पॅकिंग सहा महिन्यांत जातं, आणि मग लोक लेथवाल्याला बोलतात. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील, सगळे पाण्याचे नि पेट्रोलचे होज इंजिन खाली आहे तोवर बदल. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, १९९८ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं.

पैशाचं. माझी मजुरी तू देणार नाहीस हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. सामान आणि फिटरची मजुरी धरून तुला बावीस ते सव्वीस हजार लागतील, क्रँक केली तर वरच्या टोकाला. गाडी विकायला काढलीस तर चाळीसच्या वर कुणी विचारणार नाही. म्हणजे नुसता हिशेब मांडला तर मेहुण्याचं म्हणणं चूक नाही. मी ते लपवत नाही.

आणखी एक हिशेब तू केलेलाच नाहीस: काहीच न करण्याचा. वहिनी शाळेला रोज बावीस किलोमीटर जाऊन-येऊन करतात, महिन्याला साडेपाचशेच्या आसपास. चारशे किलोमीटरला लिटर ऑइल जातं म्हणतोस, म्हणजे महिन्याला दीड लिटरच्या आत, पाचशे रुपये. फक्त ऑइलच्या पैशात बांधणावळ वसूल व्हायला चार वर्षं. तेव्हा घाई कुणालाच नाही, फिटर सोडून. या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत नुसतं ऑइल ओतत राहिलात तरी आकाश कोसळत नाही. फक्त दर आठवड्याला पट्टी बघ आणि प्लग साफ कर. पीयूसी कधी संपतेय तेवढं बघून ठेव; निळ्या धुरावर ती मिळणं कठीण. बांधताना दहा दिवस गाडी उभी राहायची आहे, तर शाळा बंद असताना राहिलेली बरी. रोजीरोटीची टॅक्सी असती तर मी कदाचित फिटरचं ऐक म्हणालो असतो. दहा दिवस धंदा बंद कुणाला परवडतो?

वहिनींना दुसरी गाडी नको आहे, असं तू शेवटी हळूच म्हणालास. सुन्या, खरं कारण ते आहे आणि ते पुरेसं आहे. शाळेकडच्या त्या बोळात वळणारी, त्यांच्या हातात बसलेली गाडी आहे. त्याला बाजारभाव लावायला मेहुण्याला कुणी बोलावलंय?

बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर दामटायची नाही, पण एकाच वेगाने रांगतही न्यायची नाही. पाय कमी-जास्त करत राहायचा, तेव्हा रिंगा बोअरशी जुळतात. वहिनींच्या हिशेबाने हजार किलोमीटरला जवळजवळ दोन महिने लागतील. तेवढा वेळ गाडी तुझ्या हातात देऊ नका, असं मीच त्यांना फोन करून सांगतो.

काकूंना नमस्कार. आमसुलं संपली आहेत, हे मी मुद्दाम सांगत नाही, कागदावर जागा होती म्हणून लिहिलं.

तुझा,
दिल्या

ता. क. इंजिन चालू ठेवून वरचं ऑइलचं झाकण काढून बघ. तिथून आगगाडीसारखा धूर फुंकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे दाब रिंगांवरून खाली गळतोय, गेज नसलं तरी चालेल, थेट मे महिन्याची तारीख कळव. आणि काहीही झालं तरी जुने पिस्टन फिटरला टाकू देऊ नकोस, मला बघायचेत.